शिवरात्रीची साखर

मैना देवरे यांच्या नजरेतून सुटेल असा गुन्हेगार नाशिक जिल्ह्यात अजून जन्मायचा होता. आजवर त्यांनी पकडलेले गुन्हेगार एकूण दोन. पहिला, सोसायटीच्या टाकीतलं पाणी पळवणारा सेक्रेटरी. दुसरा, बोका.

नाशिक रोडच्या नोट प्रेसमध्ये त्यांनी अख्खी नोकरी नोटांवरचे छपाईचे दोष शोधण्यात घालवली. निवृत्तीनंतर माणसांतले शोधू लागल्या. सोबतीला धाकटे दीर केरूभाऊजी. त्यांना सगळं दिसे, फक्त कळत नसे.

गंगापूर रोडवरच्या आरोग्य संस्थेच्या कार्यालयात दोघं पोचले, तेव्हा डॉ. तेजस्विनी बोरस्ते येरझाऱ्या घालत होत्या.

"हरसूलच्या लोकांच्या रक्तातल्या साखरेवर आमचं संशोधन आहे," त्या म्हणाल्या. "आज चारला अंतिम अहवाल सादर करायचाय. अहवाल, सादरीकरण, सगळं एकाच पेनड्राइव्हवर होतं. रुग्णांची माहिती नेटवर ठेवायची नाही, असा आमचा नियम. सकाळी कपाट उघडलं, तर पेनड्राइव्ह गायब."

"कुलूप?"

"शाबूत. किल्ली दारामागच्या खिळ्याला असते. सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे कुलूप शोभेचं."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "मी कुणावर आरोप करत नाही. पण काल सगळ्यांत शेवटी आमचा तंत्रज्ञ मुस्तकीम निघाला. तुम्ही फक्त चोरी झाली एवढं लिहून द्या. म्हणजे सादरीकरण पुढं ढकलता येईल."

"आणि पेनड्राइव्ह?"

"तो... शोधू सावकाश."

चहा आला. केरूभाऊजींनी घोट घेतला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. "मॅडम, चमचाभर साखर मिळेल?"

"डबा रिकामा आहे," डॉक्टर पटकन म्हणाल्या. "या प्रकल्पानंतर इथं कुणी साखर घेतही नाही."

मैनाताई भिंतीवरचा फोटो पाहत होत्या. हरसूलचं शिबिर. कपाळाला भस्म लावलेली माणसं रांगेत, आणि कोपऱ्यात केळीच्या सालींनी भरलेलं टोपलं.

"शिबिर महाशिवरात्रीला घेतलंत?"

"मुद्दाम. साखर उपाशीपोटी तपासायची असते ना? त्या दिवशी सगळं गाव आयतंच उपाशी." एवढं बोलून डॉक्टरांनी नजर वळवली.

"काय डोकं आहे!" केरूभाऊजी म्हणाले. टोपल्याबद्दल वहिनींनी विचारलं, तेव्हा त्यांनी तज्ज्ञ मत दिलं, "शेळ्यांसाठी असेल."

आकडेमोड करणारा अमोल खुशीत होता. "पेनड्राइव्ह सापडू द्या, काकू. निम्म्या गावाला मधुमेह निघालाय! आज अहवाल मंजूर झाला की सगळ्यांना गोळ्या सुरू. पाहुण्यांच्या चहासाठी मी कालच साखरेचा डबा गच्च भरून ठेवला. ते थोडेच हरसूलचे आहेत?"

"मॅडम काल कशा होत्या?"

"दुपारपर्यंत गुणगुणत होत्या. मग हरसूलहून भागीबाई आल्या, आज गावातर्फे बोलायला. दोघी बोलत बसल्या. त्यानंतर मॅडम जेवल्याच नाहीत."

मुस्तकीमनं शिबिरात रक्ताचे नमुने घेतले होते. पेनड्राइव्हचं विचारताच त्याचा चेहरा पडला. "मी शेवटी निघालो म्हणून ना? कपाटाला हात लावला नाही, ताई."

"शिबिराचं सांगा."

"दुपारपर्यंत रांग होती. पण एकानंही भूक लागली म्हटलं नाही. आमच्याकडे पहिल्या रोज्याला दुपारीच चेहरे उतरतात. मला या लोकांचं फार कौतुक वाटलं."

बाहेर बाकावर भागीबाई बसल्या होत्या. "काल डॉक्टरीणबाईनं इचारलं, शिवरात्र कशी करता? म्या सांगितलं. मंग लय वेळ खिडकीतून भायेर बघत बसल्या."

"तब्येत कशी आहे?"

"साखर निंगाली नं, बाई. शिवरात्रीपासून बिनसाखरेचा च्या पिते. त्याला च्या म्हनायचं का काढा, त्या महादेवालाच ठाऊक."

मैनाताईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. भागीबाई बाहेरच बसून राहिल्या.

"भाऊजी, शिवरात्रीला तुम्ही काय खाता?"

"काही नाही, वहिनी. कडक उपास असतो."

"काही नाही म्हणजे काय काय?"

"साबुदाण्याची खिचडी. रताळ्याचा शिरा. चार केळी. खजूर. दुपारनंतर मग पुन्हा खिचडी..." केरूभाऊजींचा आवाज बारीक होत गेला.

"एकादशी आणि दुप्पट खाशी! गावानं आपला उपास नीट केला. म्हणून सालींचं टोपलं भरलं आणि मुस्तकीमला कुणी भुकेलं दिसलं नाही. यंत्रानं मोजली ती खिचडी आणि केळी. काल भागीबाईंनी हे सहज सांगितलं आणि डॉक्टरांचं जेवण सुटलं. आता, चोरी झालेल्या माणसाला चोर हवा असतो. यांना फक्त चोरी हवी होती. आणि अमोलनं काल गच्च भरलेला डबा आज यांच्या तोंडून रिकामा झाला. भाऊजी, आणा तो डबा."

केरूभाऊजींनी डबा कागदावर उलटा केला. साखरेच्या ढिगातून पेनड्राइव्ह निघाला.

डॉक्टर खुर्चीत बसल्या. "मी स्वतः दर शिवरात्रीला ताटभर खिचडी खाते. आणि दिवस मीच निवडला. कुठल्या तोंडानं सांगणार होते? वाटलं, तारीख पुढं गेली की गुपचूप पुन्हा तपासण्या करू."

"शिवरात्रीला झाली ती चूक होती," मैनाताई म्हणाल्या. "सकाळी तुम्ही मला एक नाव सांगितलंत, ती चूक नव्हती."

मुस्तकीम जमिनीकडे पाहत होता. "मॅडम, शेवटी मी निघालो हे खरं आहे," तो म्हणाला. "तुम्हीच थांबवलं होतंत. खोलीतल्या खिडक्या लावायला."

डॉक्टरांनी त्याला हात जोडले. तो चटकन बाजूला झाला. जणू लाज त्यालाच वाटली.

चार वाजता सभागृह भरलं. डॉ. तेजस्विनींनी पेनड्राइव्ह लावलाच नाही. उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं: खिचडी, केळी, डबा आणि मुस्तकीमचं नाव. निष्कर्ष चुकीचा आहे, गोळ्या कुणालाही देऊ नयेत, मी पुन्हा हरसूलला जाऊन एकेकाची माफी मागेन आणि साध्या दिवशी पुन्हा तपासणी करेन, असं त्या म्हणाल्या. पाहुणे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. पुढच्या रांगेतल्या अध्यक्षांनी चष्मा पुसायला काढला आणि पुसतच राहिले.

तेवढ्यात मागून भागीबाई उठल्या.

"डॉक्टरीणबाई, तपासा तुमी परत, कवाबी या," त्या म्हणाल्या. "पन तोवर... भायेर च्या ठेवलाय नं, त्यात माझ्यापुरती साखर टाकाया सांगता का?"