कुणाचंही माप घ्या

तिला सगळे धाकटी म्हणायचे. चाळिशी आली, मुलगी पाचवीत गेली, तरी धाकटीच. धाकटी सून, धाकटी जाऊ, आणि उंचीतही धाकटी. जेमतेम पावणेपाच फूट. थोरली जाऊ मात्र ताडमाड. लग्न होऊन धाकटी ज्या घरात आली तिथला ओटा थोरलीच्या मापाचा. सोळा वर्षं धाकटीनं पाटावर उभं राहून रांधलं. दोनदा पाट घसरला, एकदा उकळतं पाणी मनगटावर सांडलं. ओटा जरा खाली घ्या म्हटलं की थोरली हसायची, "अगं, त्यापेक्षा तूच जरा वाढ की."

त्या हसण्यानं तिच्या डोक्यात जी तिडीक जायची ती सोळा वर्षांत एकदाही उतरली नाही. म्हणून नवं घर बांधायला काढलं तेव्हा तिचं मागणं एकच. खोल्या किती करायच्या त्या करा, रंग कुठला द्यायचा तो द्या. ओटा माझा हवा. तीस इंच. पाय जमिनीवर ठेवून, कुणाच्या बापाला न विचारता मी तिथं उभी राहीन.

नवऱ्यानं इंटिरियर डिझायनर शोधला. किडमिडीत, चष्म्यावाला, बोलायला लोण्यासारखा. त्याची रीत अशी की घरातल्या बाईला कोऱ्या भिंतीला पाठ लावून उभं करायचं आणि पेन्सिलीनं तीन खुणा करायच्या. एक कोपराची, एक डोळ्यांची, आणि हात उंच केल्यावर बोटं पोचतात तिथं तिसरी. कोपरावरून ओटा, डोळ्यांवरून आरसा, बोटांवरून फळ्या. "ताई, घर अंगावर बेतायचं असतं," म्हणाला, "कपड्यासारखं."

धाकटीला हे फार आवडलं. तिच्या अंगावर आजवर कुणी काही बेतलं नव्हतं.

माप घ्यायचा दिवस ठरला, वेळ सकाळी दहाची. डिझायनर उगवला साडेबाराला. तोवर धाकटी विटांच्या ढिगावर बसून उन्हात भाजत होती. घराला नुसत्या भिंती आणि छप्पर. खिडक्यांना प्लॅस्टिक लावलेलं, ते वाऱ्यानं आत ओढलं जायचं, बाहेर फुगायचं, घर श्वास घेतंय जणू.

"साहेब, घड्याळ विकून खाल्लंत का?"

"ताई, रस्त्यात इतकी गर्दी..."

"मी काय उडत आले?"

त्यानं तिला स्वयंपाकघरातल्या भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दुसऱ्या कुणाचे पडदे. हा बोलतोय आपला, पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि धाकटी हात वर करून उभी, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. मग तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"मला काय खुंटी समजलात?" ती ओरडली. "माझं मेलीचं माप नकोच तुम्हाला! घ्या कुणाचंही! घरात असेल तिचं घ्या!"

रिकाम्या घरात तो शब्द घुमला. प्लॅस्टिक आत ओढलं गेलं ते बराच वेळ बाहेर आलं नाही. धाकटीला ते दिसलं, पण राग आलेला माणूस दिसलेलं सगळं बघतो थोडंच? तरातरा निघून गेली.

बस थांब्यावर डोकं निवलं. तिनं फोन लावला. "ओटा तीस इंच. लिहून घ्या."

"हो ताई..." तो अगदी हळू बोलला, शेजारी कुणी असल्यासारखा. "झालंच आहे... होतंय."

त्याच आठवड्यात थोरलीचा पाय मोडला. दोन महिने प्लास्टर, आणि दोन महिने धाकटीच्या जिवाला उसंत नाही. उशी दे, पाणी दे, खिडकी लाव, खिडकी उघड. नव्या घराकडे फिरकायला मिळालं नाही. नवराच जाऊन यायचा आणि म्हणायचा, "झकास चाललंय. तू काळजी करू नकोस."

एका दुपारी डिझायनरचा निरोप आला, ओटा बसला. थोरलीला पाण्याचा तांब्या हाताशी ठेवून धाकटी धावत सुटली. आत पॉलिशचा वास नाकात चढत होता, आणि त्याच्याखाली आणखी एक, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीतल्या कपड्यांचा. ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी उभी राहिली.

ओटा तिच्या छातीला लागला.

तिनं वर पाहिलं. फळ्या अशा उंच, की स्टुलावर चढली तरी हात पुरला नसता. हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशात तिला स्वतःचा नुसता भांग दिसला. मुलीच्या खोलीत गेली. टेबल मुलीच्या कोपराला बेतून, खण अगदी हाताशी. नवऱ्याची खुर्ची त्याच्या दुखऱ्या पाठीला आधार देईल अशी. सगळ्यांचं सगळं बरोबर. अख्ख्या घरात चुकली होती ती एकटी धाकटी.

"हा ओटा कुणासाठी केलात?" तिनं डिझायनरला विचारलं. आवाज इतका शांत होता की गवंड्यानं हातातली थापी खाली ठेवली.

"तुम्हीच म्हणालात ना ताई, घरात असेल तिचं माप घ्या... मी वहिनींचं घेतलं. तुमचा तीस इंचांचा फोन आला तेव्हा त्या शेजारीच उभ्या होत्या, म्हणाल्या, ते राहू द्या."

"कुठल्या वहिनींचं?"

"आत होत्या की. तुम्ही गेलात आणि त्या आतल्या खोलीतून आल्या. चांगल्या उंच आहेत. नंतरही यायच्या, रोज दुपारी... मुलगी कुठल्या हातानं लिहिते, साहेबांना रात्री किती वेळा तहान लागते, सगळं त्यांनीच सांगितलं." मग कौतुकानं म्हणाला, "स्वभाव फार गोड. इतक्या दिवसांत कधी आवाज चढवला नाही."

धाकटीला पहिल्यांदा एकच नाव सुचलं आणि ती तशीच तणतणत जुन्या घरी आली. "माझ्या घरातसुद्धा तुमचा ओटा? तिथंही तुम्हीच?"

थोरली गादीवर पडून होती. कमरेपर्यंत पांढरं प्लास्टर. "डोकं फिरलंय का तुझं?" ती म्हणाली. "मला मोरीपर्यंत कोण नेतं गं? तूच ना? मग मी उडून गेले का तिथं?"

दोन महिने ही बाई तिच्या खांद्याचा आधार घेतल्याशिवाय कुशीवर वळली नव्हती.

रात्री नवऱ्यापाशी विषय काढला, तर तो म्हणतो, "एवढा छान झालाय ओटा. राहू दे की. शेवटी तूच तर उभी राहून करून घेतलास."

"मी? मी कधी गेले तिथं?"

"मी गेलो की असायचीस..." तो अडखळला, कपाळ चोळत राहिला. "होतीस ना?"

दुसऱ्या दिवशी धाकटी पहार घेऊन गेली. डिझायनरला म्हणाली, "मला त्या खुणा दाखवा."

कपाटाची फळी सरकवून त्यानं भिंत दाखवली. कोपराची खूण तिच्या खांद्याच्या वर. डोळ्यांची त्याहून वर. उंच बाईची असते तशी. पण तिसरी खूण भिंतीवर नव्हतीच. भिंत संपून छताला लागली होती, आणि छतावर, दीड हात पुढं, पाच बोटांच्या टोकांच्या पाच रेघा होत्या.

"हे तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

डिझायनरनं वर पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तेव्हा... नाही वाटलं," तो म्हणाला. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता.

"फोडा ओटा."

गवंड्यानं छिन्नी उचलली आणि थांबला. तो धाकटीच्या डोक्यावरून मागं बघत होता, परवानगी मागावी तसा.

"तिकडं काय बघतोस? मालकीण मी आहे!" तिनं पहार उचलली आणि पहिला घाव स्वतः घातला. घावागणिक शिव्या. सोळा वर्षांच्या शिव्या, थोरलीच्या, नवऱ्याच्या, पाटाच्या. शेवटी गवंडीही कामाला लागला. संध्याकाळपर्यंत ओट्याचा ढिगारा झाला. आठवड्यात नवा उभा राहिला, मोजून तीस इंच. आरसा उतरला, फळ्या उतरल्या. खुणांवर धाकटीनं स्वतःच्या हातानं रंगाचे तीन हात मारले. महिन्याभरात ती, नवरा आणि मुलगी राहायला आली.

पहिल्या दिवशी ती ओट्याशी उभी राहिली, दोन्ही पाय जमिनीवर, आणि तिला रडू फुटलं. सात दिवस घरात तिचाच आवाज होता. ओरडली, हसली, गाणी म्हटली. वाटलं, जिंकले.

आठव्या दिवशी दुपारी ती दळण आणायला गेली. गिरणीत रांग लागली, यायला तास झाला. दार मुलीनं उघडलं. शाळेतून येऊन हातपाय धुतलेले, कपडे बदललेले, केस विंचरलेले. पाठीवर पाच पेडांची घट्ट वेणी. एक बट इकडची तिकडं नाही.

धाकटीला तीन पेडांच्या पुढची वेणी कधी येतच नव्हती.

"कुणी घातली ही?"

"काय गं आई... तूच की. आत्ता."

पिठाचा डबा तिनं दारातच आदळला. मुलीला धरून खाली बसवलं, पाठमोरं केलं, आणि रबर तोडून वेणी उकलायला लागली. माझं घर. माझा ओटा. माझी पोर. एकेक पेड ती हिसडून सोडत होती आणि मुलगी कळवळत होती.

"आई, दुखतंय... हळू ना. मघाशी किती हळू हात होते तुझे."

चार पेड मुलीचे होते, मोकळे होऊन पाठीवर पसरले. पाचवा सुटला तो तिच्या हातात नुसता राहिला. तो मुलीच्या डोक्यातून निघालाच नव्हता. काळाभोर, गार, बोटाएवढा जाड. तिनं तो ओढला तर येत गेला, मुलीच्या खांद्यावरून, फरशीवरून. त्याचं दुसरं टोक स्वयंपाकघराच्या दारातून आत गेलेलं होतं.

धाकटीनं तो मुठीला दोन वेढे देऊन गुंडाळला, पाय रोवले, आणि अंगात होता नव्हता तेवढा राग एकवटून हिसका दिला.

आतून कुणी ओढून धरलं नाही. ती ओढत राहिली तसतशी, हळूहळू, न कंटाळता, आतून ढील मिळत गेली.