बरा झालेला मासा

मिरजेत हल्ली पाहुणा घरात आला की आधी भिंतीकडच्या टाकीत डोकावतो. माणसाची तब्येत माणसाला विचारायची पद्धत मागे पडली. तब्येत आता माशावरून कळते. घरात माणसं चार तर टाक्याही चार, आणि प्रत्येक टाकीवर नावाची पट्टी.

जिनगोंडा मगदुमांच्या घरी दोन टाक्या होत्या. एक त्यांची, दुसरी त्यांच्या बायकोची, पद्माक्कांची. मगदुमांना सगळी गल्ली आण्णा म्हणे. चाळीस वर्षं त्यांनी शोभेचे मासे विकले होते, आणि विकले त्याहून जास्त बरे केले होते.

आता टाकीतला हा साक्षीमासा म्हणजे काही जादू नव्हे. बिनखवल्यांचा, काचेसारखा आरपार दिसणारा हा मासा. तो अंड्यात असतानाच माणसाच्या रक्तातल्या रक्षकपेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, त्यात सोडतात आणि त्या त्याच्या कातडीत घर करतात. मग दर रविवारी मालकाने बोट टोचून रक्ताचा एक थेंब त्याच्या खाण्यात मिसळायचा. रक्तात रोगाची चाहूल असली की त्या पेशी एका जागी गोळा होतात आणि माशाच्या अंगावर ठिपके उठतात. यंत्रांना जे सहा महिन्यांनी कळायचं, ते मासा आज दाखवतो.

अडचण एवढीच, की मासा शेवटी मासा. त्याला स्वतःचे रोगही होतात. पाण्यातला एक बारीक किडा कातडीत शिरला, की अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे दाणे येतात, मासा खड्यांवर अंग घासत सुटतो आणि पाच-सहा दिवसांत मरतो. हे दाणे परांवर विखुरलेले असतात. माणसाच्या रोगाचे ठिपके पोटावर एका ओळीत उठतात. तरी फसगत नको म्हणून तपासणी केंद्राचा नियम कडक होता. ठिपका दिसला की त्याच दिवशी फोटो पाठवायचा, नऊ दिवस थांबायचं, औषध घालायचं नाही. हा नियम करणाऱ्यांनी तळमळणारा मासा कधी जवळून बघितला नसावा, असं आण्णांचं मत होतं.

पर्युषणाच्या दिवसांत पद्माक्कांचा मासा अंग घासू लागला. परांवर दाणे होते. पोटाखालीही चार ठिपके होते, आणि ते ओळीत होते. आण्णांनी ते पाहिले. पाहिले आणि स्वतःची समजूत घातली, की दाणेच पसरलेत. ओळ मानायची म्हणजे पद्माक्का आजारी आहेत असं मानायचं, आणि ते त्यांच्याच्याने होईना. व्रताच्या दिवसांत डोळ्यांदेखत जीव मरू द्यायचा, हेही होईना. त्यांनी पाणी कोमट केलं, मीठ टाकलं आणि निळं औषध घातलं. फोटो काही पाठवला नाही. पाचव्या दिवशी मासा लख्ख झाला.

आण्णांच्या हाताला गुण आहे, हे गल्लीला ठाऊकच होतं. आता लोक साक्षीमासेही बरण्यांतून आणू लागले. ठिपक्यांचा मासा घरात असला की सोयरीक मोडते, मग नऊ दिवस थांबतो कोण?

संक्रांतीच्या सुमारास पद्माक्कांचं जेवण तुटलं. अंगातली चोळी सैल झाली. "मासा स्वच्छ हाय न्हवं? मग मला काय धाड भरलीया?" असं म्हणून त्या दवाखान्याचं नाव काढू देईनात. शेवटी आण्णांनी हट्टाने त्यांची तपासणी करवली, माशाची कातडी खरवडून तोही नमुना दिला, आणि निकालाच्या दिवशी ते एकटेच केंद्रावर गेले.

केंद्रावरच्या डॉक्टर शाहीन बागवान लहान असताना आण्णांच्या दुकानातून मासे नेत. त्यांनी आण्णांना आधी बसायला सांगितलं.

"काका, त्या माशाच्या कातडीत काकूंची एकही पेशी उरलेली नाही."

"पर मासा ठणठणीत हाय की."

"मासा ठणठणीत आहे. पण तुमचं निळं औषध किड्याला मारतं तसं काकूंच्या पेशींनाही मारतं. तो आता बाजारातला साधा मासा झालाय. तुम्ही पाच महिने त्याच्याकडे बघून निर्धास्त राहिलात, आणि त्याला काकूंबद्दल काही माहीतच नव्हतं."

"नऊ दिवस थांबलो असतो तर मेला असता की त्यो."

"मेला असता. पण पहिल्या दिवसाचा फोटो आमच्याकडे असता."

आण्णांनी विचारलं, "आणि आता?"

"कॅन्सर यकृतापर्यंत पोचलाय. उन्हाळा निघेल असं वाटत नाही."

"तवा आलो असतो तर?"

"तेव्हा गाठ वाटाण्याएवढी असणार. काढून टाकली असती." डॉक्टरांचा आवाज उतरला. "काका, तुम्ही आणखी किती माशांना हे औषध दिलंत?"

आण्णा आठवू लागले आणि मध्येच थांबले. एवढ्या बरण्या कुठे लक्षात राहतात?

घरी आले तर शेजारची त्रिशला बरणी घेऊन बसली होती. तिच्या मुलीला सोमवारी बघायला येणार होते. पद्माक्का तिला आपली टाकी दाखवत होत्या. "ह्यो बघ. एक डाग न्हाई. ह्यांनी पाच दिवसांत बरा केला."

आण्णांनी बरणी उजेडात धरली. मासा शांत होता, अंग घासत नव्हता. पोटावर तीन ठिपके होते, एका ओळीत.

"औषध घालायचं न्हाई, त्रिशला," ते म्हणाले. "हितनं सरळ केंद्रावर जा. आत्ताच."

"आण्णा, सोमवारी लोक यायचे हाईत ओ."

"येऊ देत. ओळीतलं ठिपकं माशाचं नसत्यात, माणसाचं असत्यात."

त्रिशलाचं तोंड उतरलं. बरणी पोटाशी धरून ती गेली. आण्णा दाराकडे बघत उभे राहिले, कारण मागे वळण्याची हिंमत त्यांच्यात नव्हती.

"अहो," पद्माक्का म्हणाल्या. त्या आपल्या टाकीसमोरच होत्या. "माझ्या माशाच्या पोटावरबी असंच व्हतं की ओ. ओळीत. मी बघितलं व्हतं."

पद्माक्कांनी काचेवर बोट टेकवलं.

"मग त्यालाच तेवढं औषध का घातलंसा?"