नुसत्या टेकलेल्या पट्ट्या

"आई, शेजारी एक मुलगी बसलीये, तिची बॅग माझ्या बरगडीत घुसतेय. पण दिसायला छान आहे, म्हणून गप्प आहे."

गुरुग्रामच्या शेअर रिक्षात धवल फोनवर बिनधास्त मराठीत बोलत होता.

शेजारच्या अक्षयाने बॅग मांडीवर घेतली. "काकूंना सांगा, काढली बॅग."

त्याचे कान जे लाल झाले... आणि कहर म्हणजे दोघं उतरले एकाच ऑफिससमोर!

हॉस्पिटलच्या खाटेचं डिझाइन पास झालं तर धवलला पक्की नोकरी, नाहीतर परत नागपूर. तो संगणकावर खाट उभी करायचा, अक्षया तपासून सही करायची. खाटेचे सुटे भाग समीकरणांनी जोडायचे – इकडचा बिंदू हलला की तिकडचाही तेवढाच हलणार.

"किती गुणी बिंदू," तो म्हणायचा. "नाहीतर तू. चहाला चल म्हटलं की फाइल मागतेस."

"फाइल दे, मग चहा."

"यार, तू मुलगी आहेस की ऑडिट?"

डिसेंबरच्या धुक्यात समोरचे टॉवर बुडाले, त्या सकाळी शेवटची फाइल आली. वजन टाकून तपासलेली सगळी खाट पडद्यावर निळीशार. लाल कुठेच नाही, म्हणजे कुठेच तुटणार नाही. अक्षया सही करणार, इतक्यात... थांबली.

बिजागरीच्या दोन पट्ट्या खऱ्या खाटेत एकमेकींवर नुसत्या टेकतात. धवलने त्या समीकरणाने घट्ट चिकटवल्या होत्या.

"धवल, या सरकतात रे."

त्याने पडद्यावर बिजागरी मोठी केली. "सुट्या केल्या तर खाट नापास होईल."

"माहितीये."

"मग मीही—"

"तेही माहितीये." तिने माउसवरून हात काढला. "पण त्या खाटेवर कुणीतरी झोपणार आहे ना..."

त्याने स्वतःच ते समीकरण काढलं. दुपारपर्यंत बिजागरी लालभडक झाली. आठवड्याभरात धवलचं काम गेलं.

नवी दिल्ली स्टेशन. नागपूरची गाडी सुटायला चार मिनिटं.

"तुला सोपं गेलं, नाही?" तो दारात उभा राहून म्हणाला.

"तशीच सही करून टाकायला तीनदा माउस हातात घेतला मी. तू जाऊ नयेस म्हणून."

"म्हणजे... आवडतो मी तुला?"

"खूप."

"अगं, मग हे आत्ता सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं, तर काढलं असतंस ते समीकरण?"

तो 'हो' म्हणायला गेला... पण तिच्याशी खोटं बोलवेना त्याला.

गाडी हलली.