कौल न घेता

१९५२ सालच्या माघ अमावास्येला शुभदा दिव्याच्या खाडीत उतरली ती एका फुलासाठी. खारफुटीची एक जात तिथल्या बेटावर फुलते, अशी साठ वर्षांपूर्वीची नोंद होती. नंतर ती कुणी पाहिली नव्हती. फुललेली एक फांदी मिळाली, तर तिचा प्रबंध पुरा होणार होता. सोबत कॉलेजातले वरिष्ठ त्र्यंबकराव होते, आणि वल्ह्यावर मिठागरात राबलेला परशुराम.

खाडीच्या तोंडाशी परशुरामाने होडी थांबवली. बांधावर शेंदूर फासलेली खाडीदेवी होती. तिच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बसून राहायचं. उजवी पडली तर पुढे, डावी पडली तर घरी. कधी तासभर एकही पडत नाही, असं त्याने सांगितलं. मग त्याने शुभदेकडे पाहिलं.

"येताना घेऊ कौल," ती म्हणाली.

"येताना कशाला? तोवर निकाल लागलेला असेल की," त्र्यंबकराव हसले.

परशुराम हसला नाही. त्याने होडी लोटली.

बेट भर दुपारी आलं. खारफुटीची मुळं चिखलातून वर आलेली, त्यांवर खेकडे, आणि कुजक्या पानांचा असा दर्प की श्वास आखडावा. शुभदा मुळांवर पाय देत आत शिरली. ओहोटी लागल्यावर परशुरामाने एकदा हाक मारली, मग दुसऱ्यांदा. तिने दोन्ही वेळा हात हलवून "आले" म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने बोलावलंच नाही. चारच्या सुमारास तिला फूल दिसलं. पांढरं, नखाएवढं, पण तेच! फांदी कापून तिने नमुने दाबून वाळवायच्या लाकडी पट्ट्यांच्या चपट्या दाबपेटीत घातली आणि पट्टे आवळले.

ती परतली तोवर होडी चिखलात रुतली होती. पाणी वीस हातांवर गेलं होतं. भरती येईपर्यंत हलायचं नाही, असं परशुराम बजावत होता, तोच त्र्यंबकराव होडी ढकलायला उतरले. गुडघे गेले. कंबर गेली! ते धडपडले आणि छातीपर्यंत खचले. अमावास्येची भरती परतली की पाणी डोक्यावरून जाणार होतं.

परशुरामाने होडीतल्या दोन्ही फळ्या टाकल्या आणि पालथा पडून सरकला. तरी हातभर अंतर उरत होतं.

"बाय, आजून कायतरी चपटा द्या."

चपटं एकच होतं. पट्टे सोडून फांदी काढायला वेळ नव्हता. शुभदेने दाबपेटी चिखलावर सरकवली. परशुरामाने पेटीवर छाती टेकली, त्र्यंबकरावांच्या काखेत दोर घातला. ओढ! पुन्हा ओढ! अर्ध्या तासाने ते होडीत आले. पेटी तोवर चिखलात दिसेनाशी झाली होती.

भरतीची वाट बघत तिघे बसून होते. देवी रागावली का, असं शुभदेने हळूच विचारलं.

"देवी कोनाला मारीत नाय, बाय," परशुराम म्हणाला. "आपूनच तिचे पदराखालून बाहेर आलो. मी पन आलो. मना ठावं होतं, तरी आलो."

प्रबंधात त्या जातीपुढे शुभदेने लिहिलं: फुललेली पाहिली, नमुना नाही. पुराव्याशिवायचं विधान म्हणून परीक्षकांनी ते वाक्य खोडलं. तिने वाद घातला नाही.