पाठमोरा कप

"काचेचं कपाट धाकटीकडे जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, आणि थोरलीच्या हातातला औषधाचा चमचा क्षणभर तसाच थबकला. धाकटी जाऊ पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. तिने मान खाली घातली, पण चेहऱ्यावर उमटलेला आनंद काही लपला नाही. "परवा माणसं घेऊन ये," सासूबाई पुढे म्हणाल्या, "जपून उचला म्हणावं. गोलाईच्या काचा आहेत, तशा आता मिळत नाहीत."

थोरलीने औषध पाजलं, सासूबाईंचे ओठ टिपले, उशी सारखी केली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बोलण्यासारखं होतं तरी काय? कपाट सासूबाईंचं, मर्जीही सासूबाईंची... मधे बोलणारी आपण कोण?

बाहेरच्या खोलीतलं ते कपाट सासूबाईंच्या आजीच्या वेळचं. पोट पुढे काढून उभ्या राहिलेल्या शेठजीसारखी त्याची दोन फुगीर दारं, पितळेची नाजूक किल्ली, आत काचेचे कप्पे आणि पाठीला वरपासून खालपर्यंत आरसा. घरी येणारा पाहुणा आधी कपाटाला भेटायचा आणि मग माणसांना. दर रविवारी ते पुसायची मात्र थोरली. सगळ्या वस्तू उतरवायच्या, व्हिनेगरच्या पाण्याने काचा पुसायच्या, जुन्या वर्तमानपत्राने कोरड्या करायच्या, पुन्हा सगळं जागच्या जागी. पण त्या जागा कुणाच्या? मधल्या कप्प्यात धाकटीने आणलेला स्फटिकाचा हंस, वर धाकटीचीच नाचणारी चिनीमातीची बाई, तिच्या शेजारी धाकटीच्याच अत्तराच्या रंगीत कुप्या. धाकटी पाहुणीसारखी यायची, अर्ध्या दिवसात सगळं घर हसवून जायची, आणि पुढचे आठ दिवस सासूबाईंच्या तोंडी तिचंच कौतुक. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. हंसाची मान पुसताना थोरलीच्या बोटांना कितीदा वाटलं असेल, जरा जोर लावावा... आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती त्याला अधिकच हळुवारपणे खाली ठेवायची.

त्या एवढ्या वैभवात थोरलीची एकच वस्तू होती. एक कप. लग्नाआधीपासून ती चिनीमातीच्या कारखान्यात कपांवर चित्रं रंगवायची. हात असा, की तिने काढलेल्या पानावर दव पडेल असं वाटावं. पुढे सासूबाई न्हाणीघरात पडल्या, कमरेचं हाड मोडलं, त्या अंथरुणाला खिळल्या. धाकटीचं घर लांब, थोरलीच्या नवऱ्याची नोकरी फिरतीची. उरली ती. काम सोड असं तिला कुणी म्हटलं नाही; सोडू नकोस असंही कुणी म्हटलं नाही. शेवटच्या दिवशी रंगवलेला कप तिने घरी आणला. पानाआडून डोकावणारी एक खार होती त्यावर. त्यात तिचं सगळं मागे राहिलेलं आयुष्य होतं, आणि तो तिने कपाटाच्या मधल्या कप्प्यात, अगदी समोर ठेवला.

पुढच्याच खेपेला धाकटीने तो उचलला. थोरलीच्या डोळ्यांदेखत सगळ्यात खालच्या कप्प्यात, कोपऱ्यात नेऊन ठेवला, आणि तोही पाठमोरा! खारीचं तोंड आरशाकडे, लोकांना दिसायचा नुसता कोरा पांढरा कप.

"आई म्हणाल्या, असा ठेव," धाकटी सहज म्हणाली.

थोरलीने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ही कथाच घडली नसती. पण मानी माणसं विचारत नाहीत, मनात साठवतात. त्या रविवारपासून ती तो कप पुसून अगदी तसाच ठेवू लागली. त्याच कोपऱ्यात, तसाच पाठमोरा, केसभरही इकडेतिकडे नाही. तुम्हीच ठेवलात ना असा? मग राहू दे. निखारा विझू नये म्हणून कुणी फुंकर घालावी, तसा तिने तो अपमान इतकी वर्षं जपला.

आणि आता कपाटच निघालं होतं.

कपाट न्यायच्या दिवशी सकाळी, धाकटी यायच्या आत, थोरलीने दार उघडून तो कप काढला आणि पिठाच्या डब्यामागे लपवला. कपाट न्या, हंस न्या, सगळं न्या... पण माझी खार जावेच्या घरी पाठ करून बसणार नाही.

थोड्याच वेळात धाकटी आली. उचलणारी दोन माणसं दोर आणि गोधड्या घेऊन दारात उभी राहिली. एवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली.

"अगं, माझी खार कुठे गेली?"

थोरली खोलीच्या दारात आली.

"सकाळपासून दिसत नाही. कुणी हलवली?" सासूबाई कोपरावर उठू पाहत होत्या. "कपाट जाताना ती इथे या स्टुलावर ठेवायची आहे. फुटली की काय? खरं सांगा मला."

थोरलीचा बांध फुटला. "तुम्हाला कशी दिसेल ती, आई? तिचं तोंड भिंतीकडे करायला तुम्हीच सांगितलंत ना? माझी एक वस्तू होती या घरात... एकच. तीही तुम्हाला लोकांसमोर नको होती."

सासूबाईंनी पलंगावर हाताने थोपटलं. "इकडे ये. इथे, माझ्या उशीवर डोकं ठेव. आणि बाहेर बघ."

थोरली कशीबशी आडवी झाली. दाराच्या चौकटीने बाहेरचं जवळजवळ सगळं कपाट झाकलं होतं. हंस नाही, नाचणारी बाई नाही, कुप्या नाहीत. दिसत होता तो फक्त आरशाचा खालचा एक तुकडा, आणि त्याच्यापुढची कपाची रिकामी जागा. "कप कुठाय, वहिनी?" धाकटीने हलकेच विचारलं. "पिठाच्या डब्यामागे," थोरली पुटपुटली. धाकटीने तो आणला, कोपऱ्यात पाठमोरा ठेवला, आणि आरशाच्या त्या तुकड्यात पानाआडून खार डोकावली.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" धाकटी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "पण तुम्हीच तर दर वेळी बरोब्बर तसाच ठेवायचात. मला वाटलं, आईंसाठीच जपता. खरं सांगू? मला त्या खारीचा हेवा वाटायचा. एवढा महागाचा हंस आणला, तर आईंनी काय विचारावं? तो खारीच्या आड तर येत नाही ना?"

थोरलीला रडावं की हसावं कळेना. "मग कपाट का देताय तिला?"

"तिने मागितलं," सासूबाई म्हणाल्या. "तू मागतेस कधी काही? नोकरी सोडलीस तेव्हाही बोलली नाहीस. मीही थांबवलं नाही तुला. माझी गरज होती, म्हणून मी गप्प बसले. स्वार्थीच म्हण मला."

थोरली उशीवरून उठली नाही. तशीच पडल्या पडल्या, छताकडे बघत ती म्हणाली, "आई, कपाट मला हवंय."

"एवढं बोलायला किती वर्षं लावलीस गं..." सासूबाई म्हणाल्या. त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

धाकटीचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. तिने बाहेर जाऊन त्या माणसांना परत पाठवलं आणि डोळे पुसत आत आली. "मलाही कपाट कुठे हवं होतं, वहिनी? या घरात तुमचं सगळंच आहे; माझंही काही असावं म्हणून मागितलं. मी आपली वस्तू ठेवून जायची, म्हणजे मागे आठवण तरी निघेल."

"तुझ्या हंसाची जागा कुणी घेत नाही," थोरली म्हणाली. "आठ दिवस तुझंच नाव असतं इथे. माझं काळीज जळायचं ऐकून." मग जरा थांबून म्हणाली, "कप थोडा डावीकडे घे. निम्मी खार कापली जातेय."

धाकटी पुन्हा कपाटापुढे बसली. "एवढा?"

"अजून जरा."

कप नेहमीच्या जागेवर सरकला, आणि आरशात त्याच्यामागे काहीतरी उघडं झालं. स्वयंपाकघराचं दार. ओटा, खुंटीला टांगलेला नॅपकिन, आणि भिंतीलगतचं ते बसकं स्टूल, जिथे भाजी चिरता चिरता थोरली कितीदा एकटीच रडली होती, कुणालाही दिसत नाही अशा खात्रीने.

तिने मान वळवली. सासूबाईंचा चेहरा अगदी जवळ होता.

"आई... तिथलंही दिसतं तुम्हाला?"

"रोज दिसतं," सासूबाई म्हणाल्या आणि तिचा हात आपल्या अशक्त हातात घेतला. "उठून येता येत नव्हतं, एवढंच."