पेंढ्याचा दोर

त्या दिवशी कोरडा वारा सुटला होता. जानेवारी अर्धा सरलेला. आकाश धुतल्यासारखं लख्ख, आणि थंडी अशी की श्वास घेतला तरी नाकात टोचायचा. आमच्या निहोनबाशी पेठेत उंच इमारती झाल्यापासून वारा गल्लीत शिरला की बाहेरची वाटच विसरतो. दिवसभर दारं खडखडत राहतात.

मी देवळात निघालो होतो. काम साधंच होतं. जुने ताईत या दिवसांत देवळाच्या अंगणात जाळतात. किनुएचा ताईत राहिला होता. किनुए म्हणजे माझी बायको. तिला जाऊन वर्ष उलटलं होतं.

आमचं देऊळ भाताच्या देवाचं, फार जुनं. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, मधे लाल कमान, आणि गळ्यात लाल फडकी बांधलेले दगडी कोल्हे. दुपारी ऑफिसातली माणसं जेवायला निघतात, ती कोट सावरत वाकून नमस्कार करतात आणि धावतात.

कमानीच्या आत पाण्याचं दगडी कुंड आहे. तिथे हात धुवायचे, मग पुढे जायचं. किनुए हात धुवायची आणि माझ्या बाहीला पुसायची.

"अगं, रुमाल आणत जा की."

"रुमाल कशाला? तुम्ही आहात ना!"

सगळा संसार असाच गेला. देवळातून परतताना माझी डावी बाही कायम ओली.

त्या दिवशीही मी हात धुतले आणि डावा हात आपोआप बाजूला धरला. कोणीच पुसलं नाही. मागे रांगेत उभी असलेली मुलगी बघत होती. मी हात खाली घेतला.

अंगणात जाळ पेटला होता. गेनपाची झाडू टेकून उभा होता. तो देऊळ झाडतो. आम्ही एकाच गल्लीत वाढलो.

"काय रे तोकुजी, तोंड का असं पाडलंयस? रताळं भाजू का तुला?"

"ती येत नाही रे हल्ली..."

त्याला ठाऊक होतं मी कोणाबद्दल बोलतोय. आमच्याकडे सुतक वर्षभर चालतं, आणि त्यात नव्या वर्षाला दारावर पेंढ्याचा दोर बांधत नाही. मागच्या साली म्हणून बांधला नव्हता. आणि ते सारं वर्ष ती घरात होती. दिसली नाही कधी, पण संध्याकाळ झाली की तिच्या केसांच्या तेलाचा वास यायचा. माझ्या चपला कोणीतरी सरळ करून ठेवायचं. यंदा सुतक फिटलं, मी हौसेने दोर बांधला, आणि त्या दिवसापासून घर मुकं झालं.

गेनपाचीने कपाळावर हात मारला. "अरे खुळ्या! या कमानीवर दोर आहे तो काय शोभेला? गेलेलं माणूस त्याच्या खालून येत नाही. स्वतःच बायकोला बाहेर कोंडलंस, आणि मला विचारतोस ती येत का नाही!"

इतकी साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात आलीच नव्हती. इतके दिवस ती थंडीत, दाराबाहेर...

गेनपाची हसता हसता थांबला. "ए... काढायचा नाही हं तो."

"का?"

"सुतकाच्या घरात दुसरं कोणी शिरत नाही. आता सुतक फिटलंय. दोर काढलास तर कोण आत येईल... ते काय तू ठरवणार आहेस?"

मी ताईत जाळात टाकला नाही. खिशातच ठेवला आणि घरी आलो.

दिवेलागणीला स्टुलावर चढून दोर सोडला. दार जरासं सरकवून ठेवलं. दोन पेले चहा ओतला आणि दाराकडे पाठ करून बसलो. किनुएला कोणी टक लावून पाहिलेलं आवडायचं नाही.

चहा निवला. वारा पडला. गल्लीतली सगळी दारं एकदम खडखडायची थांबली. मग मागे चटई हळूच करकरली...

"आलीस?" मी म्हणालो.

डाव्या बाहीवर गार, ओला हात पडला.

काय सांगू तुम्हाला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसायलाही मी हललो नाही. हलायला भीती वाटत होती, ती जाईल म्हणून. हात मात्र पुसून मागे गेला नाही. बाही धरूनच राहिला. घट्ट. किनुएने कधी इतकं घट्ट धरलं नव्हतं. तेलाचा वासही नव्हता. भिजलेल्या राखेसारखा काहीतरी वास होता. मी मनाला म्हटलं, इतके दिवस बाहेर थंडीत होती बिचारी, वास लागणारच. तसाच बसल्या बसल्या माझा डोळा लागला.

सकाळी उठलो तेव्हा बाही ओलीच होती. पिळली असती तर पाणी निघालं असतं.

मी झाडू घेऊन दारात आलो. शेजारची सायो कामाला सुट्टी म्हणून कुंड्यांना पाणी घालत होती. पावाच्या भट्टीत कामाला आहे ती. यंदाच राहायला आलीय. किनुएला तिने कधी पाहिलेलं नाही.

"आजोबा, एक विचारू? रागावणार नाही ना? रोज संध्याकाळी तुमच्या दारात एक बाई उभ्या असतात. राखाडी किमोनो, एक खांदा जरा उतरलेला... मला वाटलं, घरातलं काही भांडण असेल, म्हणून बोलले नाही."

उतरलेला खांदा. किनुएचा खांदा तसाच होता.

"भांडण नव्हतं गं. चूक माझीच होती. काल आत घेतलं तिला."

सायोने माझ्या ओल्या बाहीकडे बघितलं, मग माझ्या पाठीमागच्या काळोख्या खोलीकडे. हातातली झारी तिने हळूच खाली ठेवली.

"नाही, आजोबा... त्या अजून इथेच उभ्या आहेत, तुमच्या शेजारी. काल संध्याकाळी दोन्ही हात पसरून दार अडवत होत्या. आत गेलं ते दुसरंच कोणीतरी."