दोघांनी हो म्हटल्यावरच

आमचा नियम एकच होता. दोघांनी हो म्हटल्याशिवाय कॉम्प्युटरचा एकही पार्ट घ्यायचा नाही.

नियम अवधूतनं केला, मी मान्य केला, आणि त्यामुळे चार महिन्यांत आम्ही फक्त एक माउस पॅड घेऊ शकलो. त्यावरही दीड आठवडा चर्चा चालली होती.

चाळीस हजारांत गेमिंग कॉम्प्युटर बसवायचा होता. वीस त्याचे, वीस माझे. ठेवायचा त्याच्या घरी, वणीत. त्याचे वडील नंदकिशोर काका सरकारी ऑफिसात आहेत आणि घरी इन्व्हर्टर आहे. आमचं गाव तिथून चार किलोमीटरवर. आमच्याकडे लाईट गेली की ती नागपूरला नातेवाईकांना भेटून मगच परत येते.

यादी तोंडपाठ होती. प्रोसेसर सहा कोअरचा. रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन काड्या, कारण एकटी सोळाची घेतली तरी चालते, पण जोडी जास्त पळते. कॅबिनेट सगळ्यात स्वस्त, फक्त पुढून हवा आत घेणारं. आमच्याकडे कोळशाचे ट्रक दिवसभर जातात, त्यामुळे हवेसोबत आत काय जाईल यावर वेगळी चर्चा झाली होती. ग्राफिक कार्ड जुनं, सेकंडहँड. सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, किती वॅटचा घ्यायचा हे तेवढं ठरायचं होतं.

मला गेमचं वेड अवधूतइतकं नव्हतं. त्याच्या खोलीत टेबलापुढे दोन खुर्च्या मावतात, हे आम्ही टेप लावून मोजलं होतं. मला त्यातली दुसरी खुर्ची हवी होती. वर्गात माझ्या जोकवर पन्नास पोरं हसतात. कॉलेज सुटल्यावर माझ्यासाठी थांबणारा एकच होता.

जुलैच्या एका मंगळवारी राजूरला कार्ड बघायला जायचं ठरलं, आणि त्याच सकाळी आई म्हणाली, "कपिल, युरियाचा नंबर लाव. दोन पोते. आज नाही आणला तं मंग पऱ्हाटी तूच खाय."

वणीच्या कृषी केंद्रापुढे युरियाची लाईन असते, पण तिच्यात माणसं फार नसतात. चपला असतात. विटा असतात, पाण्याच्या बाटल्या असतात, एखादं हेल्मेट. माणूस सावलीत बसतो, चप्पल उन्हात उभी राहते. माणसाचा नंबर मोडून पुढे घुसणारे पुष्कळ आहेत. चपलेचा नंबर कोणी मोडत नाही.

मी डाव्या पायातली चप्पल काढली, तिच्याखाली आधारची झेरॉक्स दाबली आणि निघालो. मागच्या विटेचे मालक, बाबाराव म्हणून एक म्हातारे, निंबाखालून म्हणाले, "कुठी चालला बापू?"

"राजूरले. येतो दोन घंट्यात."

"आवाज पोचन इतक्याच लांब जाव. नंबर पुकारला अन् माणूस नसला तं बरं नसते."

"काय होते?"

"बरं नसते," ते म्हणाले, आणि तंबाखू मळत राहिले.

मी अवधूतच्या स्कूटीवर मागे बसलो, एक पाय चपलेत, एक उघडा. 

राजूरला खेमसिंगच्या दुकानात जुने कॉम्प्युटर, मोबाईल आणि एक शिलाई मशीन आहे. काळी धूळ तिन्हींवर सारखीच. त्यानं कार्ड लावून गाडीच्या रेसचा गेम चालवून दाखवला. "मायनिंगमधलं नाही भाऊ, गॅरंटी," तो म्हणाला. आभासी नाणी काढायला महिनोन् महिने जुंपलेलं कार्ड लवकर मरतं, त्याला मायनिंगचं कार्ड म्हणतात. पण कोळशाच्या खाणीपासून हाकेच्या अंतरावर बसून हे सांगायला हिंमत लागते, असं मी म्हणालो. खेमसिंग खूप हसला.

अवधूत म्हणाला, "हो. घेऊ."

मी म्हणालो, "आधी एसएमपीएस ठरू दे. साडेचारशे वॅटचा की साडेपाचशे. नाहीतं आपण बटन दाबू अन् तिकडे मारेगावची लाईट जाईन."

खेमसिंग पुन्हा हसला. अवधूत नाही.

परत येताना स्कूटी हळू करून तो म्हणाला, "कपिल, एक सांगू का तुले?"

"सांग, पण हळू. माझा उघडा पाय ऐकून राह्यला."

त्यानं स्कूटीचा वेग वाढवला. मग आम्ही केबल्सवर बोललो.

पोचलो तेव्हा चार वाजले होते. लाईन संपली होती, शटर खाली होतं आणि माझी चप्पल नव्हती. उरलेली चप्पल हातात घेऊन मी घरी गेलो. वाटेत आईला सांगायच्या तीन थापा तयार केल्या. तिन्ही दर्जेदार होत्या.

ओसरीवर युरियाची दोन पोती उभी होती.

"हातपाय धुतले नाही अजून?" आई म्हणाली. "आता तं पोते ठेवून मागं गेलता. एकेका हातानं उचलले, तुले कधी आलं रे हे?"

पोत्यावर पावती होती. माझं नाव, माझा आधार नंबर. युरिया अंगठा लावल्याशिवाय मिळत नाही, आणि ते मशीन माझा अंगठा चार वेळा नाकारून पाचव्यांदा नाइलाजानं घेतं. पावतीवर वेळ होती, एक वाजून दहा मिनिटं. एक वाजून दहा मिनिटांनी मी राजूरला होतो.

काहीतरी बोलायला हवं होतं. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिनं तसं बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "मीच आणले."

बुधवारी दिवसभर मी शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या ओळींमधलं तण काढत डवरणी करत होतो. गुरुवारी रॅमचा भाव बघायला वणीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

"अजून दोन पाह्यजे?" दुकानदार म्हणाला. "काल तं नेल्या आठ-आठच्या."

"कोणी?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी. अन् तुमचा दोस्त."

मी अवधूतला फोन लावला. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"अबे, रॅम घेतली तू?"

"आपण घेतली. तूच तं हो म्हणाला."

"मी काल शेतात होतो."

तो म्हणाला, "बरं, मंग बोलू," आणि फोन ठेवला.

मला वाटलं, गंमत करून राह्यला. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. एवढ्या वर्षांत त्यानं माझी एकदाही फिरकी घेतली नव्हती, आणि आता दुकानदाराला सामील करून घेतली होती. मी तसाच ऑटोत बसून राजूरला गेलो. खेमसिंगलाही पढवलं असेल तर त्याला वरताण उत्तर द्यायचं, असं ठरवून.

खेमसिंग मला पाहून उभा राहिला. "काहून भाऊ? कार्ड खराब निंगालं काय?"

"कोणतं कार्ड?"

"सकाळी नेलं न तुमी दोघांनी. एसएमपीएस पन नेला, साडेपाचशेचा." त्यानं आवाज खाली आणला. "घरी सगळं बरं हाय न? तुमी एक शब्द नाही बोलले. भाव पन नाही केला. मले वाटलं, घरी कोणी गेलं."

"मीच होतो? नक्की?"

"तुमीच. मंगळवारी उजवी चप्पल होती पायात. आज डावी होती."

मी हसलो. एकटाच.

खेमसिंगच्या हातात फडकं होतं. आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात त्यानं एकच कीबोर्ड तीनदा पुसला.

अवधूतच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. दार त्याच्या आईनं, सुनीती काकूंनी उघडलं. हातात चहाचे दोन कप होते.

"अरे, तू बाहेर केव्हा गेलास?" त्या म्हणाल्या. "मी आत्ता तुलाच चहा द्यायला निघाले होते."

त्यांच्या मागे, अवधूतच्या खोलीचं दार थोडं उघडं होतं. आत नवीन पंख्यांची घरघर होती. कॅबिनेटच्या काचेतून निळा उजेड येऊन भिंतीवर पडला होता. त्यात एका खुर्चीच्या पाठीची सावली होती. शेजारी दुसऱ्या खुर्चीची. दुसरीवर कोणीतरी बसलं होतं.

अवधूत बाहेर आला. त्यानं खोलीचं दार मागे ओढून घेतलं. काकूंच्या हातातले कप घेऊन खिडकीत ठेवले आणि त्या स्वयंपाकघरात जाईपर्यंत थांबला.

"तुले फोनवर म्हटलं न, मंग बोलू."

"आत कोण आहे?"

"तू."

"मी तं इथं आहे."

"दिसून राह्यलं मले."

त्याच्या चेहऱ्यावर मी हसू शोधलं. गंमत पकडली गेली की माणसाच्या ओठाचं टोक हलतं. मला ते ओळखता येतं, माझा तोच धंदा आहे. काही हललं नाही.

"तुले माहीत होतं तो मी नाही?"

"पह्यल्यांदा नाही समजलं. मंगळवारी संध्याकाळी आला. म्हणाला, स्कूटीवर तू काही सांगणार होता न, सांग." अवधूत दाराच्या कडीकडे बघत होता. "मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं, कपिल. मधात एकदा पन नाही बोलला. तवाच समजलं, हा तू नाही."

"अन् तरी तू त्याच्यासंग पार्ट घेत फिरला?"

"तो हो म्हणते."

"आपलं ठरलं होतं. दोघांनी."

"दोघांनीच घेतले."

मी विचारलं, "काय सांगणार होता तू मले?"

त्यानं कडीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सांगतो आता.

"सांगून झालं," तो म्हणाला.

माझ्याकडे एक जोक तयार होता. चांगला होता. मी तोंड उघडलं आणि त्यानं नकळत डोळे मिटले, चटका बसायच्या आधी माणूस मिटतो तसे.

मी तोंड बंद केलं.

आतून आवाज आला. "कोण आहे रे?"

स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की परका वाटतो. हा तसा वाटला नाही. हा अगदी माझा होता. फक्त घाई नव्हती त्याला.

अवधूतनं माझ्याकडे पाहिलं.

"कोणी नाही," तो दाराकडे बघून म्हणाला. "आलोच."

त्यानं खिडकीतले दोन्ही कप उचलले. खोलीचं दार लागलं. कडी आतून.

मी चालत निघालो. चार किलोमीटर. ट्रक बाजूनं जात होते आणि एकाही ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही, एरवी रस्त्याच्या कडेच्या कुत्र्यालाही देतात. आईला सगळं सांगायचं, हे ठरलं होतं. थापा नाही, जोक नाही, पहिल्यापासून सरळ. युरिया मी आणला नव्हता, हे आधी. बाकी नंतर. वाटेत मी ते दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. हसू येईल असं त्यात काहीच नव्हतं.

आई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. मी फाटक ढकललं आणि म्हणालो, "तुले एक सांगायचं आहे."

तिनं वर पाहिलं. सूप बाजूला ठेवलं, घाईघाईनं उठली आणि डोक्यावर पदर घेतला.

मग आत जाऊन, अनोळखी पाहुण्याला देतात तसं ताटलीत ग्लास ठेवून, तिनं माझ्यासाठी पाणी आणलं.